वरून घातलेला फोल्डर

माझी थोरली बहीण लोकांचे खोकले कापते. हसू नका, पगार मिळतो तिला त्याचा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी आमच्याकडे एक वाचनालय आहे, तिथली पुस्तकं कानांनी ऐकायची असतात. हौशी माणसं येऊन ती मोठ्यानं वाचून देतात, आणि ताई त्या वाचनातले खोकले, आवंढे, पान उलटल्याची खसखस, "अरेच्चा, चुकलं वाटतं" हे सगळं काढून टाकते आणि उरलेलं जोडून देते. जोड कुठे आहे ते मला आजवर एकदाही ऐकू आलेलं नाही. वाचनालयात तिला कात्रीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं.

स्वभावानं मात्र ती कात्री अजिबात नाही. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणते. शाळेत बाईंनी "कुणी केलं हे?" असं नुसतं विचारलं की हिचे कान लाल व्हायचे, मग आदल्या दिवशी ती शाळेत आलेलीच नसली तरी. शेजाऱ्यांचा नळ गळायला लागला तर चैन हिला पडत नाही. मी याच्या अगदी उलट. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि दिवसभर लोकांशी हुज्जत घालते. तिचा नवरा लवकर वारला, मी केलाच नाही, त्यामुळे आम्ही दोघी एका घरात राहतो आणि एकमेकींचं डोकं खातो.

तिची कामाची खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना जाड कापड ठोकलेलं, खिडकी कायमची बंद, टेबलावरही कापड, कारण बोट आपटलं तरी ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. वाचन चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो. वाचून बाहेर येणारा माणूस घामानं असा निथळत येतो, की नवख्याला वाटावं, आत चौकशी चालू होती. त्या खोलीत ताईनं एका जुन्या कंप्युटरवर सगळी नोकरी काढली. तो चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात तिचा चहा पिऊन, कप विसळून व्हायचा. पण एकदा चालू झाला की ती डोळे मिटून काम करायची. खरंच मिटून. कान हेडफोनमध्ये, बोटं बटणांवर, डोळे बंद. मला बघून धडकी भरायची.

तो कंप्युटर एके दिवशी बसला तो उठलाच नाही. मग कुठल्याशा ऑफिसनं नवे घेतले म्हणून त्यांचा वापरलेला एक आम्हाला दान दिला. दिसायला देखणा, पातळ, चकचकीत, पण दुसऱ्या जातीचा. म्हणजे आतली सगळी व्यवस्थाच निराळी, ऑपरेटिंग सिस्टिम का काय म्हणतात ती. ताई बिचकली. वाचनालयाचे सचिव मात्र खूश. ते म्हणाले, "बाई, तुमचं ते आवाजाचं सॉफ्टवेअर याच्यावरही चालतं. तेच नाव, तेच चित्र. तुम्हाला काही नव्यानं शिकायला नको."

हे 'तेच' जे आहे ना, त्यानंच घात केला. सगळं निराळं असतं तर ताई पहिलीतल्या मुलीसारखी जपून शिकली असती. पण दिसायला सगळं तेच, आणि वागायला भलतंच. खिडकी बंद करायची फुली उजवीकडून उठून डावीकडे गेलेली. ती दाबली की खिडकी जायची, पण सॉफ्टवेअर आत तसंच चालू राहायचं, पाहुणे निघून गेले म्हणून आपण दार लावावं आणि ते मागच्या खोलीत बसलेले असावेत तसं. संध्याकाळपर्यंत असे दहा पाहुणे जमायचे आणि यंत्र धापा टाकायला लागायचं. मेनू खिडकीच्या डोक्यावर नाही, पार पडद्याच्या वरच्या कडेला. कापायचं बटण एक घर सरकलेलं, त्यामुळे ताईचं बोट जुन्या जागी पडायचं आणि खोकला कापायच्या ऐवजी भलतंच काहीतरी उघडायचं. माउसचं चाक खाली फिरवलं तर पान वर. फाइल उघडायला एंटर दाबावं, तर ती उघडायचीच नाही, स्वतःचं नाव बदलायला काढून द्यायची. ताईनं पहिल्याच दिवशी एका प्रवासवर्णनाच्या चौथ्या प्रकरणाचं नाव 'ककककक' करून ठेवलं होतं.

रोज घरी येऊन ती मला हे सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. "आज काय गंमत केली तुझ्या जावयानं?" मी विचारायची. जावई म्हणजे तो कंप्युटर. आयता आलेला, रुबाबदार आणि कुणाचं न ऐकणारा. हसलो खरं. आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच सुमाराला भोंगाकाकांचं वाचन संपत आलं होतं.

भोंगाकाका हे नाव त्यांना बसस्टँडनं दिलं. तिथल्या काचेच्या खोलीत बसून ते गाड्यांच्या घोषणा करायचे, उभी नोकरी तेच. मी स्वतः त्यांच्या आवाजावर धावत जाऊन गाडी पकडलेली आहे. जाड, सावकाश आवाज, कितीही गर्दी असो, घाई म्हणून नाही. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" एवढं म्हणाले की बाकावर झोपलेला माणूस झोपेतच पिशवी चाचपायचा. मग तिथे मशीनमधली बाई आली, आणि काका घरी बसले. घरी बोलायला काकू एकट्या, आणि त्यांना कमी ऐकू येतं. काकूंनीच त्यांना वाचनालयात पिटाळलं. "जा, तिथे ओरडा," म्हणाल्या.

काकांनी पुस्तक निवडलं ते असं, की दोन हातांनी उचलावं लागतं. समुद्रात वाट चुकलेल्या एका जहाजाची कादंबरी. एका हंगामात सुरू केलं ते दुसरा हंगाम संपेपर्यंत वाचत होते. घाम पुसायला दोन रुमाल आणायचे. आणि सवय जाते थोडीच? प्रत्येक प्रकरण संपलं की त्याच सुरात म्हणायचे, "प्रकरण आठवे येथे संपत आहे. प्रकरण नववे थोड्याच वेळात सुटेल." पहिल्यांदा हे ऐकून ताईला हेडफोन काढून ठेवावा लागला होता, इतकी हसली. आणि आमच्या कात्रीबाईंनी, ज्यांनी मोठमोठ्या प्रोफेसरांचे खाकरे सोडले नाहीत, त्यांनी काकांच्या या घोषणा एकूण एक तशाच ठेवल्या.

शेवटच्या प्रकरणांत आवाज बसायला लागला. काकांना वाटलं, वाचून वाचून बसला. माझ्या दुकानातून गोळ्या नेल्या, मीच म्हटलं, "काका, आता डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांचं काम नाही हे." दाखवलं. मग तपासण्या, मग मोठं हॉस्पिटल, मग निदान. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता, शंभर टक्के. ऑपरेशनची तारीख मिळाली पंधरवड्यानंतरची.

काकांनी वाचनालयात येऊन हे सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हते. ताईनं सांगितलं, की ते हसत होते. म्हणाले, "भोंगा उतरवताहेत. पण माझं जहाज झालंय ना पूर्ण? बस्स. नंतर मी घरी बसून ऐकेन, मी कसा बोलायचो ते." त्यांच्या घरी त्यांच्या आवाजाचं दुसरं काही नव्हतं. फोनमध्ये वाढदिवसांचे दोन-चार व्हिडिओ, त्यात सगळेच एकदम ओरडताहेत. बसस्टँडवरच्या घोषणा हवेत गेल्या, त्या कोण कशाला साठवून ठेवतो?

ताईनं मग इतर कामं बाजूला सारली आणि ते जहाज पूर्ण करायला घेतलं. दोन दिवसांत सगळी प्रकरणं कापून, जोडून बाहेरच्या मोठ्या हार्ड डिस्कवर तयार झाली. कापून झालं की मूळ वाचन ती पुसून टाकायची, आणि जुना कंप्युटर गेल्यामुळे आणखी कुठे प्रत नव्हती. फक्त सचिवांनी एक पाचर मारली. "निदान पहिल्या दोन प्रकरणांतल्या त्या बसगाडीच्या घोषणा काढा हो. लोक पहिल्यांदा तेच ऐकणार, काय म्हणतील?" ताई कुणाला नाही म्हणेल तर ना! "बरं," म्हणाली.

आता तिची पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. एखाद्या पुस्तकात दुरुस्ती करायची असली, की ती समोर त्याच नावाचा नवा फोल्डर करायची, त्यात दुरुस्तीची तेवढी प्रकरणं घ्यायची, नीट करायची, आणि मग तो फोल्डर उचलून डिस्कवरच्या फोल्डरवर सोडायची. याला ती 'वरून घालणं' म्हणायची. जुना कंप्युटर विचारायचा, या नावाचं आधीच आहे, बदलू का? ही म्हणायची, बदल. मग तो तेवढीच प्रकरणं बदलायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. कपाटातले दोन चुरगळलेले शर्ट काढावेत, त्या जागी इस्त्रीचे ठेवावेत, इतर कपडे जिथल्या तिथे, असं. इतकी वर्षं तिनं शेकडो पुस्तकं अशी वरून घातली होती.

त्या दिवशी तिनं भोंगाकाकांची दोन प्रकरणं वरून घातली. जावईबापूंनीही विचारलं, या नावाचं आधीच आहे, बदलू का? ताई म्हणाली, बदल. आणि त्यानं कपाटच उचलून बाहेर फेकलं, आणि त्या जागी दोन शर्टांचं नवं कपाट उभं केलं. या जातीच्या यंत्रांत फोल्डर असाच बदलतात म्हणे, अख्खाच्या अख्खा. त्यांच्यात वाढलेल्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. आमच्या ताईला कुणी सांगायचं? बरं, फेकलं ते कचऱ्याच्या टोपलीत तरी टाकावं, की उकरून काढता येईल. तेही नाही. ज्या कुणी हे असं बनवलं त्याला एकदा माझ्या काउंटरपुढे उभा करा, एवढीच माझी मागणी आहे.

तिला तेव्हा काहीच कळलं नाही. खूण केल्यासारखी टुणकन एक घंटा वाजली, काम झालं म्हणून. मग ती दिवसभर इतर पुस्तकं त्याच डिस्कवर भरत बसली. दुसऱ्या दिवशी सभासदांसाठी प्रती काढायला फोल्डर उघडला, तर आत दोनच प्रकरणं. आधी तिला वाटलं, आहेत, दिसत नाहीत. या यंत्राची नेहमीचीच लपवाछपवी. तिनं चाक वर फिरवलं, खाली फिरवलं, बंद करून उघडलं. मग मला दुकानात फोन केला. आवाज असा, की मी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून मागे गेले.

"अगं, काकांचं सगळं पुस्तक माझ्या हातून पुसलं गेलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

एक माणूस शोधला आम्ही, गेलेल्या फाइली काढून देणारा. त्यानं डिस्क हातात घेऊन विचारलं, "नंतर हिच्यावर काही भरलंत का?" ताई म्हणाली, "भरलं." त्यानं तोंड वाकडं केलं. "मग कठीण आहे. पण बघतो. नाहीच असं नाही म्हणत."

हे 'बघतो' ताईनं घट्ट धरून ठेवलं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "ताई, काकांना सांग." ती म्हणाली, "सांगते की. तो बघतोय ना, एकदा त्याचं काय ते कळू दे. उगाच त्या माणसाला आधीच एवढं टेन्शन, त्यात हे कशाला?" रोज सकाळी हेच. आज सांगते. उद्या सांगते. फोन हातात घ्यायची, नंबर काढायची, ठेवून द्यायची. इकडे ऑपरेशनची तारीख जवळ येत होती.

आणि मग काका स्वतःच आले. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी ताईचा राहिलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं. काका दारात उभे, हातात ते जाडजूड पुस्तक. आवाज घोगरा झाला होता, पण होता. ओळखू यायचा. पाठमोरी असते तरी मी ओळखला असता.

"कात्रीबाई," ते म्हणाले, "पुस्तक घेऊनच आलोय. कुठे अडखळलो असेन, एखादं पान गाळलं असेन, तर आत्ता सांगा. रिकामाच आहे मी. रोज येऊन बसेन. नंतर बोंब मारायची म्हटलं तरी येणार नाही."

मी ताईच्या पाठीत बोट खुपसलं. चांगलं जोरात. ती जागची हलली नाही. टेबलावरचं कापड सारखं करत राहिली, होतं त्याहून सारखं.

"नाही काका," ती म्हणाली. "सगळं छान झालंय. काहीच राहिलेलं नाही."

"बघा हं. खात्री ना?"

"खात्री."

काकांनी पुस्तक काखेत मारलं. खोलीकडे एकदा बघितलं, माइकला टिचकी मारली, तशी ते स्टँडवर मारत असतील, आणि गेले. जिना उतरताना खोकत होते ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, तो घसा बघितलास का? त्या घशानं आता परत वाचायला लावू? आणि तो डिस्कवाला उद्या फोन करणार आहे." मी म्हटलं, "त्यांना ठरवू दे ना, घसा त्यांचा आहे!" ती परत टेबलावरचं कापड सारखं करायला लागली. बरं, मी तरी जिना उतरून काकांच्या मागे गेले का? नाही. तिचं तिनं सांगायला हवं, असं म्हणत मी तिथेच उभी राहिले.

ऑपरेशन झालं. नीट झालं, काका शुद्धीवर आले, जीवावरचं टळलं. आणि त्याच आठवड्यात डिस्कवाल्यानं डिस्क आणून दिली. "खूप बघितलं हो," म्हणाला. "काहीच नाही निघालं."

त्यानंतर ताईचं जे झालं ते बघवत नव्हतं. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. भाजी आणायला जाताना काकांची गल्ली लागते, म्हणून ती लांबून वळसा घालून जायला लागली. सचिवांनी तिला समजावलं, "बाई, चूक यंत्राची आहे, आपण समितीपुढे तसंच मांडू." ती म्हणाली, "यंत्राची असेल. पण काका आले तेव्हा यंत्र बोललं नव्हतं. मी बोलले." आणि वेड्यासारखी ती त्या कंप्युटरमागे लागली. कुठल्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की काय होतं, एकेक करून बघायची, खोटे फोल्डर करायची, वरून घालायची, पुसायची. आता त्या जातीच्या यंत्राची तिच्याइतकी माहिती कुणाला नसेल. कुणी नवखं आलं की ती त्याला बसवून सगळ्यात आधी हेच दाखवते, आणि दाखवताना तिचे कान लाल होतात.

"फार वाचलं असतं का गं त्यांनी?" ती मधेच मला विचारायची. "पंधरा दिवसांत?"

"कुठलं वाचताहेत त्या घशानं! दोन पानांत दमले असते."

"एखादं प्रकरण तरी झालं असतं."

"ताई, पुरे."

काका घरी येऊन बरेच दिवस झाले. काकूंचा निरोप आला, पुस्तक कधी मिळेल, हे वाट बघताहेत. आता पळायला जागाच नव्हती. ती एकटी जाणार म्हणत होती, मीच बरोबर निघाले, कारण ती अर्ध्या रस्त्यातून परत फिरली असती. वाटेत मी तिला पढवलं. "हे बघ, पुस्तक गेलं ते सांग. यंत्र नवं होतं ते सांग. पण कधी गेलं ते विचारलं, तर म्हणायचं, ऑपरेशननंतर. आत्ता आठवड्यापूर्वी. कळलं? त्या बिचाऱ्याला निदान ती हळहळ नको. आणि तुलाही." तिनं मान हलवली. मी तिच्याकडून दोनदा म्हणूनही घेतलं. "ऑपरेशननंतर गेलं, काका." शाळेतल्या कवितेसारखं.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याचं. पुढच्या खोलीत एक दिवाण, दोन खुर्च्या, औषधांचा ट्रे, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नवा कोरा स्पीकर. काकूंनी मुद्दाम आणलेला, खास जहाजासाठी. तो बघितल्यावर मलाच तिथून परत फिरावंसं वाटलं, ताईचं काय झालं असेल. काका बारीक झाले होते. गळ्याला पांढरं कापड. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखं करून भुवया उडवल्या. काकूंना हसू आलं. "विचारताहेत, गाडी कधी सुटणार?" काकूंना गेली कित्येक वर्षं कमी ऐकू येतं, त्यामुळे माणसाच्या ओठांकडे बघूनच त्या बोलणं ओळखतात. आता तेच सगळ्या घराच्या कामाला आलं होतं.

ताईनं पर्समधून छोटा पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "काका, यात दोन प्रकरणं आहेत. पहिली दोन. बाकीचं पुस्तक गेलं. माझ्या हातून पुसलं गेलं. नव्या यंत्रावर मी जुन्याच सवयीनं 'हो' म्हटलं." काकूंना कळावं म्हणून ती सावकाश, तोंड उघडून बोलत होती, आणि त्यामुळे ते आणखीच भयंकर वाटत होतं. "त्या दोनांतही तुमच्या घोषणा नाहीत. त्या मी कापल्या होत्या."

काका स्पीकरकडे बघत राहिले. काकूंनी पेन ड्राइव्ह उचलला, उलटासुलटा केला, परत ठेवला.

"कधी झालं हे?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशनच्या आधी की नंतर?"

मी ताईकडे बघितलं. म्हण गं बाई, म्हण. एक शब्द.

"आधी," ताई म्हणाली. "काका पुस्तक घेऊन आले होते ना, त्याच्याही आधी. मला माहीत होतं तेव्हा. मी खोटं बोलले."

ताईनं मान जी खाली घातली ती वर केलीच नाही, डोळ्यांतलं पाणी सरळ मांडीवर पडत होतं. काका तिच्याकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. थोडंसंच.

ताईला ते दिसलं नाही, पण काहीतरी झालं हे तिला कळलं. खाली बघूनच तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

काकू उठल्या. पदरानं टेबल पुसलं, जिथे काही सांडलेलं नव्हतं. "ते मी नाही सांगणार तुम्हाला," म्हणाल्या. "या आता तुम्ही."

आम्ही आलो. तेव्हापासून ताईचं एकच चालू आहे. कपडे वाळत घालताना, भांडी लावताना मधेच थांबते आणि विचारते, "तुला काय वाटतं गं, काय म्हणाले असतील?" दुसऱ्याच्या तोंडातला आवंढासुद्धा ज्या बाईच्या कानातून सुटत नाही, ती माझ्यासारखीला विचारते. मी म्हणते, "शिवी दिली असेल. द्यायलाच हवी होती. विसर आता." आणि ती म्हणते, "शिवीच दिली असेल, हो ना?" आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं होतं.

पण मी काकांच्या अगदी समोरच्या खुर्चीत होते. आणि काका तोंड हलवायचे ते अजूनही घोषणेसारखंच, एकेक शब्द सुटा, सावकाश. त्यासाठी काकू असावं लागत नाही, कुणालाही कळलं असतं. रागावलेले नव्हते. नवल वाटल्यासारखे म्हणाले, "परत वाचून दिलं असतं ना."

शिवी असती तर त्याच दिवशी सांगून टाकली असती. हे तिला सांगायचंय, आणि माझं मीच सांगायला हवं. आज सकाळी सांगणारच होते. पण आज ती पोटभर जेवली, म्हटलं, उद्या सांगू.